खजुराच्या नराची पावडर: काढणी, वाळवण, साठवण आणि पारख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संक्रांत जवळ आली की सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव भागातून फोन सुरू होतात. झाडं टिशू कल्चरची, ठिबक व्यवस्थित, खत वेळेवर, आणि अडतं ते चिमूटभर पावडरीवर. तीच ती उत्तरं फोनवर देण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. पराग, परागकण, पावडर हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले आहेत. बागेत सगळे पावडरच म्हणतात.

१. खजुराला हाताने परागीभवन करावंच लागतं का? वारा आणि मधमाश्या आहेत की.

खजुरात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. पपईत पाहता तसंच. वाऱ्याने परागीभवन होतं, पण त्यावर भरवसा ठेवायचा तर बागेत निम्मी झाडं नरांची हवीत, म्हणजे निम्मी जमीन बिनफळाची. मधमाश्या नराच्या फुलावर तुटून पडतात. मादीच्या फुलात त्यांना घेण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे तिकडे त्या क्वचितच फिरकतात. इराक-इराणकडे हजारो वर्षं लोक हातानेच पराग लावत आले आहेत, ते उगीच नाही.

२. झाड नर आहे की मादी, हे फुलण्याआधी ओळखता येतं का?

नुसत्या पानांवरून किंवा खोडावरून नाही. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायला चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. टिशू कल्चरची किंवा माहीत असलेल्या झाडाच्या बुंध्यापासून काढलेली पिल्लं असतील तर हा प्रश्नच येत नाही. पोय, म्हणजे आवरणात मिटलेला फुलोरा, बाहेर आल्यावर मात्र लांबूनही ओळखू येतं: नराची आखूड आणि रुंद, मादीची लांब आणि निमुळती.

३. शंभर माद्यांना किती नर लावू?

हाताने परागीभवन करणार असाल तर पूर्ण वाढलेले दोन-तीन नर पुरतात. तरी मी चार-पाच लावायला सांगतो. कोवळा नर सुरुवातीची वर्षं थोडीच पावडर देतो, आणि सगळे नर एकाच आठवड्यात फुलून मोकळे झाले तर उशिरा येणाऱ्या माद्यांना तुमच्याकडे काही उरत नाही. एक लवकर फुलणारा, एक मागाहून फुलणारा अशी जोडी असली की बरं पडतं.

४. नराची पोय नेमकी कधी कापायची?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. घाई केली तर परागकण कच्चे राहतात. उशीर केला तर पोय फुटते आणि मधमाश्या एका सकाळीत अर्धा माल नेतात.

पोय आधी हिरवट असते, मग तिच्यावर तपकिरी झाक चढते आणि आवरण किंचित सैल पडतं. अशा वेळी पोयीच्या मध्यावर अंगठा आणि दोन बोटं ठेवून हलकेच दाबा. आतून करकर असा आवाज आला, कोरडी वाळू दाबल्यासारखा, तर आजच कापा. आवाज नाही आणि आत घट्ट लागतंय, तर दोन दिवसांनी पुन्हा या. टोकाला चीर पडायला लागलेली पोयही चालते, फक्त ती त्याच दिवशी उतरवा. कापायचं सकाळी, दव उडून गेल्यावर. ओली पोय घरात आणू नका. आणि नराच्या झावळ्यांच्या बुडाशी असलेले काटे आधी छाटून घ्या. एक काटा तळहातात गेला की पुढचे चार दिवस परागीभवन दुसऱ्याच कुणाला तरी करावं लागतं.

पोयीवर गंजासारखे तपकिरी डाग असतील आणि आत काड्या कुजलेल्या दिसल्या, तर ती पोय जाळा. खजुरात फुलोऱ्याची कूज पराग लावणाऱ्याच्या हातूनच निरोगी मादीपर्यंत पोचते.

५. पोय कापली. आता पावडर कशी काढायची?

आवरण फोडलं की आत मेणासारखी पांढरी फुलं लागलेल्या काड्या दिसतात. प्रत्येक फुलाला तीन पाकळ्या आणि सहा पुंकेसर. काड्या बुडातून सोडवा आणि बंद खोलीत कोऱ्या कागदावर एकेरी थरात पसरा, किंवा दोरीला उलट्या टांगून खाली कागद घाला. छापील वर्तमानपत्र नको. खोली सावलीची, कोरडी, आणि पंखा बंद. नाशिकच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत एक ते दोन दिवसांत फुलं उघडतात आणि कागदावर फिकट पिवळी भुकटी पडायला लागते. काड्या हलक्या हाताने झटका, जमलेली भुकटी मलमलच्या कापडातून किंवा मैद्याच्या चाळणीतून गाळा.

इथे बहुतेक जण काम झालं असं समजतात. मीही पहिल्या वर्षी तसंच समजलो होतो. चाळलेली पावडर दिसायला कोरडी होती, मी ती सरळ काचेच्या बरणीत भरली, झाकण आवळलं आणि फ्रिजमध्ये ठेवली. पंधरा दिवसांनी बरणी उलटी केली तर पावडर खाली पडेना. आत खड्यांसारखी ढेकळं आणि बुरशीचा वास. फुलाच्या तुकड्यांमध्ये ओल राहिली होती, ती बंद बरणीत जाणार कुठे? तेव्हापासून चाळल्यावर पावडर आणखी एक दिवस पातळ पसरून ठेवतो, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या सोबतीने बंद करतो. बरणी तिरकी केली की पावडर पाण्यासारखी वाहिली पाहिजे, ही माझी खूण.

उन्हात वाळवू नका. गच्चीवर पापड-कुरडया घालतो तशी पावडर घातली तर ती लवकर वाळेल, पण उष्णतेने आणि थेट उन्हाने परागांची ताकद जाते.

६. एका पोयीतून किती पावडर मिळते?

काही ग्रॅमपासून तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत. झाडाचं वय, पोयीचा आकार, कापायची वेळ आणि मधमाश्यांचा वाटा यावर ते ठरतं. थोडी वाटली तरी घाबरू नका: एक परागकण साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, त्यामुळे एका ग्रॅममध्येही कण कोट्यवधी भरतात.

७. पावडर किती दिवस टिकते?

कोरडेपणा आणि थंडी, या क्रमाने. क्रम महत्त्वाचा आहे. ओली पावडर फ्रिजमध्येही मरते. कोरडी पावडर कपाटातही महिनाभर बरी राहते.

चांगली वाळलेली, हवाबंद पावडर घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी सहा ते आठ आठवडे काम देते, म्हणजे एकाच हंगामातल्या मागच्या-पुढच्या माद्यांसाठी पुरे. पुढच्या वर्षापर्यंत ठेवायची तर सिलिका जेलसह फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर ठेवा. ताकद थोडी कमी होते, पण वापरता येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे डीप फ्रीझर, उणे १८ ते उणे २० अंश. तिथे वर्षभर आणि त्यापुढेही पराग चांगले राहतात. संशोधन केंद्रांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, कित्येक वर्षं ठेवतात; आपल्याला त्याची गरज नाही.

माझी मांडणी अशी: पावडर बटर पेपरच्या छोट्या पुड्यांत, एका दिवसाच्या कामापुरती एक पुडी. या पुड्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, बरणीच्या तळाला निळं सिलिका जेल आणि त्यावर कापडाची घडी. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओल शोषून भरलं असं समजायचं आणि बदलायचं. गुलाबी झालेलं जेल गरम करून पुन्हा निळं करता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. प्रत्येक पुडीवर नराचा क्रमांक आणि पोय कापल्याची तारीख लिहा. बरणीवर मोठ्या अक्षरात "खजूर पराग, खाऊ नये" असंही लिहा. आमच्याकडे एकदा ती कस्टर्ड पावडर म्हणून दुधात जाता जाता वाचली आहे.

८. आमच्याकडे लाईट रोज जाते. मग डीप फ्रीझरचा उपयोग काय?

फ्रीझर उघडला नाही तर काही तास आतली थंडी टिकते. बरणीभोवती बर्फाच्या जेलच्या पिशव्या लावून ठेवा, म्हणजे चढउतार कमी होतो. खरं नुकसान गोठणं आणि वितळणं वारंवार झाल्याने होतं, आणि त्याहून जास्त घरातल्या फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडल्याने. बरणी दाराच्या कप्प्यात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. वीज फारच बेभरवशाची असेल तर साठा दोन घरांत विभागा. द्राक्षाच्या शीतगृहात ओळख असेल तर तिथेही छोटी बरणी राहू शकते, पण तिथल्या हवेत दमटपणा भरपूर असतो. झाकण मेणाने किंवा टेपने बंद करूनच द्या.

९. बरणी फ्रिजमधून काढली आणि लगेच बागेत नेऊन उघडली. काही बिघडतं का?

बिघडतं. थंडगार बरणी उघडली की बाहेरच्या हवेतली वाफ आतल्या पावडरीवर जमते, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तशी. त्या ओलीने पराग वेळेआधीच फुगतात, काही फुटतात, पावडर गोळा होते. बरणी बंदच ठेवून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घाई असेल तर आदल्या रात्री बाहेर काढा. उघडलेल्या पुडीतलं उरलेलं परत फ्रीझरमध्ये टाकू नका. म्हणूनच वर एका दिवसाची एक पुडी म्हटलं आहे.

१०. पावडर जिवंत आहे की मेली, हे घरी कसं कळेल?

डोळ्यांना आणि नाकाला मेलेली कळते; जिवंत असल्याची खात्री मात्र त्यांच्याने होत नाही. ढेकळं, तपकिरी रंग, कुबट वास म्हणजे फेकून द्या. फिकट पिवळी, सुटी, ताज्या पिठासारखा वास असलेली पावडर बरी असू शकते, एवढंच.

खात्री करायची तर रुजवून पाहावं लागतं. त्यासाठी १०० मिली शुद्ध पाण्यात १० ग्रॅम साखर, १० मिलिग्रॅम बोरिक आम्ल, ३० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. नावं वाचून द्राक्षवाले हसतात, सगळं शेडमध्येच आहे म्हणतात. पण खताच्या गोणीतलं वापरू नका, प्रयोगशाळेतलं घ्या. मिलिग्रॅमचं वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना गाठणं सोपं. काचपट्टीवर या द्रावणाचा थेंब, त्यावर किंचित पावडर, ओलसर बंद डबीत २५ ते २८ अंशांवर चोवीस तास. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं: ज्या कणातून त्याच्या व्यासापेक्षा लांब नळी निघाली, तो रुजला. निदान दोनशे कण मोजा, वेगवेगळ्या चार जागांवरचे.

शंभरात सत्तरच्या वर रुजले तर उत्तम. चाळीसच्या आसपास असतील तर वापरता येईल, फक्त प्रमाण वाढवा (प्रश्न १४). वीसच्या खाली असेल तर मी त्यावर मजुरी खर्च करत नाही.

११. तपासणीत ९५ टक्के चांगली आली, तरी फळधारणा झाली नाही. असं कसं?

तुम्हाला आकडा कोणत्या चाचणीचा दिला ते विचारा. बहुतेकदा तो रंगवून पाहिलेला असतो. अॅसिटोकार्मिन या लाल रंगाच्या द्रावणाने रंगवल्यावर आतून भरलेला प्रत्येक कण लाल दिसतो, आणि मेलेला कणही बराच काळ आतून भरलेलाच असतो. त्यामुळे हा आकडा नेहमी जास्त येतो. पोकळ कण किती, एवढंच त्यावरून समजतं. रुजतील किती, हे नाही. पावडर विकत घेताना "टेस्टेड" असं लिहिलेलं असलं तरी रुजवून पाहिलेला आकडा मागा. मी एकदा पुरवठादाराच्या अशाच तोंडी ९५ टक्क्यांवर विश्वासून चाळीस झाडांचा हंगाम अर्धा घालवला आहे.

आणि पावडर चांगली असूनही फळ धरत नसेल तर प्रश्न १५ आणि १७ वाचा.

१२. कोणत्याही नराची पावडर चालते का? फळ तर आईचंच असणार.

फळ आईचं, पण बापाची छाप पडते. वॉल्टर स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेत खजुरावर हे पाहिलं आणि १९२८ मध्ये त्याला मेटाझेनिया असं नाव दिलं. परागाचा परिणाम बीवर तर होतोच, शिवाय भोवतीच्या गरावर, फळाच्या आकारावर आणि पिकण्याच्या तारखेवरही होतो.

आपल्यासाठी यातला तारखेचा भाग सोन्याचा आहे. नाशिकमध्ये बरही या वाणाची फळं पिवळी होऊन तोडायला येतात तोवर मृगाचा पाऊस दारात असतो. ज्या नराने फळ आठ-दहा दिवस आधी तयार होतं, तो नर मोठ्या फळाच्या नरापेक्षा मला प्यारा. म्हणून दर वर्षी एकाच मादीवर दोन-तीन वेगळ्या नरांची पावडर वेगवेगळ्या घडांना लावा, घडांना रंगीत दोऱ्या बांधा आणि तोडणीला वहीत नोंद करा. दोन हंगामांत तुमच्या बागेचा नर तुम्हालाच सापडेल. बियांपासून आलेले नर तर प्रत्येक निराळे असतात. एक उत्तम, शेजारचा निव्वळ सावलीपुरता.

१३. बांधावर शिंदी आहे, ती पण नर आहे. तिची पावडर लावू का?

शिंदी ही खजुराची सख्खी चुलत बहीण. तिचे पराग खजुराच्या मादीवर चालतात, फळही धरतं, आणि आपल्याकडे फुलायची वेळही साधारण जुळते. पण शिंदीचं फळ म्हणजे बीवर ताणलेली साल. वर सांगितलेल्या छापेमुळे खजुराचं फळ लहान राहण्याचा धोका असतो. हंगाम हातचा जातोय, दुसरी पावडर नाही, तर जरूर लावा. काहीच न लावण्यापेक्षा हजार पटीने बरं. नियमित मात्र नको.

१४. पावडरीत काय मिसळायचं, किती? मैदा चालेल का?

टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरे, बिनवासाचं. मैदा ओल धरतो आणि गोळे करतो, तो नको. सुगंधी फेस पावडर तर मुळीच नको. ताज्या, चांगल्या रुजणाऱ्या पावडरीला पाच ते नऊ पट टाल्क घालतात. रुजण्याचं प्रमाण अर्ध्यावर आलं असेल तर टाल्कही अर्धं करा. मिसळायचं फक्त त्या दिवसापुरतं. मिश्रण साठवू नका.

ताज्या काड्या हाताशी असतील तर मिसळण्याची कटकटच नाही. मादीच्या घडात मधोमध दोन-तीन नर काड्या उलट्या खोचायच्या आणि घड सैल बांधायचा. थोड्या झाडांसाठी मला आजही हेच आवडतं.

१५. निफाडला पारा पाच-सहावर आहे आणि माद्या फुटल्यात. लावू की थांबू?

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात आला की द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात आणि खजूरवाले मला फोन करतात. पराग २५ ते २८ अंशांत झपाट्याने रुजतात. दहाच्या खाली जवळजवळ थांबतात. पण ही थंडी पहाटेची असते, दुपारी पारा पुन्हा पंचविशीच्या वर जातो. तेव्हा थांबू नका, वेळ बदला. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच लावा, लावल्यावर घडावर कागदी पिशवी चढवा. पिशवीत ऊब टिकते. दोन-तीन आठवड्यांनी काढा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटतं. थंडीची लाट लांबली तर तीन दिवसांनी दुसरा हात द्या.

१६. पराग लावला आणि अवकाळी पाऊस आला.

चार-सहा तासांच्या आत आला असेल तर पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी आला असेल तर बहुधा काम झालेलं असतं. त्याच सुमारास बुरशीनाशकाची फवारणी टाळा, विशेषतः तांबेयुक्त. ती पराग रुजण्यात अडथळा आणू शकते. शेजारच्या द्राक्षबागेतला फवारा वाऱ्याने येतो, तेव्हा शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

१७. मादीची पोय फुटून आठवडा झाला. आता उपयोग आहे का?

वाणावर आहे. फुटल्यापासून दोन-चार दिवस सर्वांत चांगले. काही वाणांत आठवडाभर, क्वचित दहा दिवसही फळ धरतं, पण प्रमाण घसरत जातं. आठव्या दिवशी लावताना जुनी पावडर वापरू नका, सर्वांत ताजी वापरा. बागेत दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारली तर ही वेळच येत नाही. खजुराची मादी सगळ्या पोया एकदम काढत नाही, त्यामुळे एका झाडाशी तीन-चारदा जावं लागतं.

१८. कच्छहून पावडर मागवतोय. काय बघू?

कापल्याची तारीख, नराचा वाण, रुजण्याचा आकडा (प्रश्न ११). पार्सल आल्यावर थंड असेल तर प्रश्न ९ प्रमाणे थांबून उघडा. बर्फ वितळून डब्यात पाणी झालं असेल तर लगेच फोटो काढा, नंतर कुणी ऐकत नाही. आणि सगळी पावडर बागेवर उधळण्याआधी चार घडांवर लावून बघायला वेळ राहील एवढी आधी मागवा.

१९. फळ धरलं की नाही, हे किती दिवसांत कळतं?

तीन-चार आठवड्यांनी घडातली एक काडी हातात घ्या. मादीच्या प्रत्येक फुलात तीन कोष असतात. परागीभवन झालं असेल तर एक कोष फुगतो, उरलेले दोन सुकून बुडाशी चिकटून राहतात. झालं नसेल तर तिन्ही एकत्र वाढतात, एका देठाला तीन बारकी हिरवी बोरं चिकटल्यासारखी. त्यांत बी नसते, ती बरीच गळतात आणि राहिलेली विकायच्या लायकीची होत नाहीत. शंभरात साठ-सत्तर फुलं धरली तरी पुष्कळ. त्याहून जास्त धरली तर विरळणी आपल्यालाच करावी लागते.

२०. गेल्या वर्षीची उरलेली आणि यंदाची ताजी एकत्र करू का?

नको. मिसळली की दोन्हींचा हिशेब जातो; फळ धरलं नाही तर दोष कुणाचा ते कळत नाही. जुनीचं खरं काम वेगळं आहे. तुमचा नर अजून मिटलेला आणि पहिली मादी फुटलेली, अशा आठवड्यात ती लावायची. ताजी हाती आली की जुनी बाजूला.

२१. पराग लावताना शिंका येतात, डोळे चुरचुरतात.

मास्क आणि चष्मा लावा, वाऱ्याकडे पाठ करा. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला शिडीवर चढवू नका; त्याला खाली उभा करा, पुड्या मोजायला.